पेटीतली नऊ प्रकरणं

नऊ प्रकरणं गेल्याचं कळलं तो दिवस सोमवार होता. सकाळी दहाच्या सुमारास ग्रंथालयाच्या बाईंचा फोन आला तेव्हा मिस्त्री गॅलरीत उभे राहून चहा पीत होते, आणि त्यांचं बरं चाललं होतं.

हे ग्रंथालय अंध वाचकांसाठीचं. तिथे छापील पुस्तकं थोडी आणि आवाजातली जास्त. मिस्त्रींच्या बायकोने त्यांच्यासाठी घरी बसून एकतीस पुस्तकं वाचली होती. बत्तिसाव्या पुस्तकाची चौदापैकी नऊ प्रकरणं वाचून झाली आणि ती गेली. त्याला आता दहा महिने होत आले होते. ती नऊ प्रकरणं मिस्त्रींनी अजून दिली नव्हती.

"मिस्त्री, आता मात्र द्या बरं का," बाई म्हणाल्या. "आपले ते वाचक आहेत ना, ऑपरेटर, त्यांचा आज परत फोन. त्यांनीच तर ते पुस्तक मागितलं होतं. म्हणतात, मी काही अमर नाही, गोष्टीचा शेवट मला कळायला हवा. पुढची पाच आम्ही कुणाकडून तरी वाचून घेऊ. पण आधी तुमची नऊ तर येऊ देत."

"आणतो. आजच आणतो."

"हे तुम्ही मागेही म्हणाला होतात."

"मागे म्हणालो होतो. आज आणतो."

फोन ठेवल्यावर मिस्त्रींना हलकं वाटलं. दहा महिने त्यांनी चालढकल केली होती आणि त्याचं कारण त्यांना नीट माहीत होतं. प्रकरणं देऊन टाकली की ती ग्रंथालयाची होणार. मग तिचं घरातलं एकही काम अपुरं राहणार नाही. अपुरं काम असलेलं माणूस परत येईल अशी काही त्यांची समजूत नव्हती. पण देववत नव्हतं, एवढं खरं. तिने शेवटच्या महिन्यात त्यांना एकच गोष्ट बजावून सांगितली होती, "माझी नऊ पोहोचवा हो. उरलेलं दुसरी कुणी वाचेल. पण वाचलेलं वाया नका घालवू." ते हो म्हणाले होते.

त्यांनी पायात चपला घातल्या आणि पेटी आणायला ताईंकडे निघाले.

पेटी म्हणजे हाताच्या पंजाएवढी काळी डबी. तिच्यात कॉम्प्युटरमधल्या सगळ्याची दुसरी प्रत ठेवायची. ती राहायची बायकोच्या थोरल्या बहिणीकडे, तीन गल्ल्या पलीकडे. हा नियम बायकोचा, आणि तो तिला सुचला मिस्त्रींमुळे. मिस्त्री चौतीस वर्षं लिफ्टचे मेकॅनिक होते. लग्नानंतर लवकरच त्यांनी तिला सांगितलं होतं की लिफ्ट कधी एका दोरावर टांगत नाहीत, चार-पाच दोर असतात, आणि त्यातला एकच दोर सगळं वजन पेलू शकत असला तरी बाकीचे काढत नाहीत. तिने ते लक्षात ठेवलं. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा म्हणाली, "मिस्त्री, तुमची लिफ्ट पाच दोरांवर आणि माझी पुस्तकं एका डिस्कवर होय? आणि दोन्ही डिस्का एकाच घरात ठेवल्या आणि घरच जळलं तर?" म्हणून पेटी घरात मुक्कामाला राहायची नाही. रविवारी सकाळी आणायची, कॉम्प्युटरला जोडायची, काम झालं की दुपारच्या आत परत. बायको गेल्यावर मिस्त्रींनी एकही रविवार चुकवला नाही. ताप होता त्या रविवारीसुद्धा गेले होते.

ताईंनी दार उघडलं आणि त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आज सोमवार आहे, भाऊजी. कालच तर नेऊन आणलीत. पेटीला माझ्याकडे करमेनासं झालं का?"

"ग्रंथालयाला द्यायची आहेत नऊ प्रकरणं. आज देऊन टाकतो."

ताई आत वळल्या. "देताय एकदाची? मला वाटलं, जन्मभर उबवत बसणार."

शिलाई मशीनच्या खणातून त्यांनी एक लोकरी मोजा काढला. पेटी त्या मोज्यात असायची. थंडी-वाऱ्यासाठी नव्हे, पडली तर आपटू नये म्हणून, असं त्या सांगायच्या. मिस्त्रींच्या हातात देताना मात्र त्यांनी मोजा लगेच सोडला नाही.

"देण्याआधी मला एकदा ऐकवा हं. सगळं नको. ती सुरुवातीला म्हणते ना, 'ऐका हं, प्रकरण पहिलं', तेवढंच."

"दुपारी या. चहाही टाकतो."

"तुमचा चहा तुम्हीच प्या. मी आवाज ऐकायला येईन."

घरी येऊन मिस्त्रींनी पेटी जोडली आणि उघडली. इतक्या महिन्यांत पेटी आतून बघण्याची ही पहिलीच वेळ. आत कागदपत्रं होती. फोटो होते. 'इमारत कॅमेरा' नावाचा एक मोठा कप्पा होता. बायकोच्या कामाचा कप्पा, ज्याला तिने नुसतं 'बत्तीस' असं नाव दिलं होतं, तो नव्हता.

त्यांनी पेटी काढून पुन्हा जोडली. लिफ्टचं दार नीट लागलं नाही की उघडून परत लावतात, तसं. मग कागदपत्रांच्या कप्प्यात शोधलं, फोटोंमध्ये शोधलं. कॅमेऱ्याच्या कप्प्यातसुद्धा शोधलं, तिथे ते असण्याचं काही कारण नसताना. पावणेबारा वाजता ते खुर्चीवर मागे टेकले. कॉम्प्युटरवर नऊ प्रकरणं नव्हती, हे त्यांना माहीतच होतं. ती त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली होती. पेटीत आहेत, या भरवशावर.

ते असं झालं होतं.

दोन महिन्यांपूर्वी इमारतीतल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र बंद पडलं. कॅमेरे दोनच, एक फाटकावर आणि एक लिफ्टमध्ये. इमारतीचे चिटणीस मिस्त्रींकडे आले आणि म्हणाले, "नवीन येईपर्यंत तुमच्या कॉम्प्युटरवर घ्याल का? लिफ्टचा कॅमेरा म्हणजे तुमचंच खातं." मिस्त्री खूश झाले. बऱ्याच दिवसांनी कुणी काम घेऊन आलं होतं. त्यांनी हो म्हटलं, वायर ओढली, आणि पंधरा दिवसांत कॉम्प्युटरने कुरकुर सुरू केली की जागा संपली.

जागा कशाने अडली आहे ते पाहिलं तर 'बत्तीस'ने. तिची रेकॉर्डिंग मोठी असायची. मिस्त्रींनी विचार केला. पेटीत सगळं आहे. दर रविवारी स्वतः घालतो आहोत. मग इथे कशाला? त्यांनी 'बत्तीस' पुसलं. कामात अर्धवटपणा त्यांना खपत नसे, म्हणून कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. खरं सांगायचं तर रोज कॉम्प्युटर उघडताना तो आकडा डोळ्यांसमोर येत होता, तो न दिसल्यावर त्यांना थोडं बरंच वाटलं. हे त्यांनी पुढे कुणाला सांगितलं नाही.

मग रविवार आला.

कॉम्प्युटरच्या वर भिंतीवर बायकोच्या हातचा कागद चिकटवलेला होता. आजारात तिने तो मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिला होता. पेटी जोडा. हिरवं बटण दाबा. बरोबरची खूण येईपर्यंत हात लावू नका. पेटी काढा, ताईकडे द्या. आणि शेवटी, काही अडलं तर मला विचारा.

त्या रविवारी हिरवं बटण दाबल्यावर नेहमीसारखं काम सुरू झालं नाही. पडद्यावर एक प्रश्न आला. पेटीतल्या त्रेसष्ट फाइल्स कॉम्प्युटरवर नाहीत, दोन्ही बाजू सारख्या करायच्या का? असा प्रश्न आधी कधी आला नव्हता. मिस्त्रींनी तो दोनदा वाचला. मग कागदाकडे पाहिलं. कागदावर या प्रश्नाबद्दल काही नव्हतं. काही अडलं तर मला विचारा, एवढंच होतं.

त्यांना वाटलं, सारख्या करायच्या म्हणजे जे इथे नाही ते पेटीतून इथे येणार. मग पुन्हा जागेची बोंब होईल, पण होऊ दे, तेव्हाचं तेव्हा बघू. त्यांनी 'हो'वर बोट ठेवलं. बरोबरची हिरवी खूण आली. कॉम्प्युटरवर काही आलं नाही. मिस्त्रींना वाटलं, चला, जागा वाचली. पेटी मोज्यात घालून ते ताईंकडे गेले.

बायकोला हे माहीत असणार की ते बटण पेटीला कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल बनवतं. इथलं गेलं की तिथलंही जातं. मिस्त्री पेटीला ट्रंकेसारखी समजत होते, की आत टाकलेलं आपण बाहेर काढेपर्यंत आतच राहणार. पुस्तक ग्रंथालयात पोहोचेपर्यंत ती स्वतः काहीच पुसत नसे, त्यामुळे हे सांगायची वेळच तिच्यावर आली नाही. त्यानंतर मिस्त्रींनी आणखी सहा रविवार तेच केलं. सहाही वेळा हिरवी खूण आली.

त्या सोमवारी दुपारी त्यांनी ताईंना फोन केला की आज येऊ नका, डोकं दुखतंय. मग कॉम्प्युटर आणि पेटी एका पिशवीत घालून ते बाजारातल्या डिस्कवाल्याकडे गेले.

डिस्कवाला म्हणजे गेलेल्या डिस्का वाचवणारा. त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. टेबलावर उघड्या डिस्का आणि एक भला मोठा पंखा. त्याने मिस्त्रींचं सगळं बोलणं मध्ये न बोलता ऐकून घेतलं आणि मग प्रश्न विचारायला लागला. डॉक्टर विचारतात तसे, एकापाठोपाठ एक.

"पुसलं कधी?"

"सात आठवडे झाले."

"टोपली रिकामी केली?"

"केली."

"त्यानंतर कॉम्प्युटर वापरला?"

"रोज. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग चालू आहे ना."

डिस्कवाल्याने मान खाली घातली. "काका, कॉम्प्युटरमधलं विसरा. ही डिस्क नव्या जातीची आहे. पुसलेली जागा ती रिकाम्या वेळात स्वतःच धुऊन ठेवते. तिथे काही मिळणार नाही. पेटी जुन्या जातीची आहे, आत तबकडी फिरते. तिच्यावरचं पुसलं तरी खाली ठसा राहतो, वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. पेटीवर नंतर काय गेलं?"

"कॅमेऱ्याचं."

"किती?"

"सात आठवड्यांचं."

मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर ते रेकॉर्डिंग आलं. इमारतीची लिफ्ट दिवसातून बराच वेळ नुसती रिकामी उभी असते. दिवा चालू, आरशात समोरची भिंत. कधीतरी दार उघडतं, कुणी येतं, कुणी जातं, परत रिकामी. ती रिकामी लिफ्ट तिच्या आवाजावर जाऊन बसली होती, आणि नेऊन बसवणारे ते स्वतः होते.

"एक विचारू, काका?" डिस्कवाला म्हणाला. "इतके रविवार पेटीत घालत होतात. तिच्यातून कधी काही परत काढून पाहिलं होतं?"

"नाही."

"सगळ्यांचं असंच असतं. घालतात सगळे, काढून कुणी बघत नाही."

हे दुसऱ्या कुणाला बोलला असता तर चाललं असतं. मिस्त्रींना ते सपकन लागलं. चौतीस वर्षं त्यांनी हाताखालच्या प्रत्येक माणसाला एकच धडा दिला होता, की ब्रेक आहे म्हणजे ब्रेक लागतो असं नाही. दर महिन्याला लिफ्टमध्ये वजन भरायचं, तिला मुद्दाम जोरात सोडायचं आणि ब्रेक धरतो की नाही ते डोळ्यांनी बघायचं. मगच वहीत सही करायची. न बघता सही करणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याशी ते वर्षभर बोलले नव्हते. आणि इथे हिरवी खूण बघून त्यांनी दहा महिने सही केली होती.

"गुरुवारी या," डिस्कवाला म्हणाला. "पेटी इथे ठेवून जा, जे मिळेल ते काढतो. आशा लावून बसू नका, आणि घरी जाऊन स्वतः काही प्रयोग करू नका."

रविवार मध्ये आला नसता तर मिस्त्रींनी ताईंना टाळलंही असतं. पण डिस्कवाल्याचा गुरुवार पुढच्या गुरुवारवर गेला आणि रविवारी सकाळी साडेदहाला ताई स्वतःच येऊन दारात उभ्या राहिल्या. हातात जोडीतला दुसरा, रिकामा मोजा.

"सोमवारी नेलीत ती नेलीतच. आठवडाभर डोकं दुखतंय? आणि पेटी घरात झोपवता? ती असती तर तुम्हालाच बाहेर झोपवलं असतं."

मिस्त्रींनी त्यांना आत बसवलं. पाण्याचा पेला आणून दिला. मग उभ्यानेच सांगून टाकलं. पुसलं कसं, बटण दाबलं कसं, प्रश्न काय आला होता, सगळं. फक्त पुसल्यावर बरं वाटलं होतं, तेवढं सोडून.

ताई पेला हातात धरून बसून राहिल्या.

"म्हणजे सात आठवडे मी काय सांभाळत होते?"

"रिकामी लिफ्ट."

"थट्टा करू नका."

"थट्टा नाही करत, ताई. खरंच तेच होतं त्यात."

ताईंनी पेला खाली ठेवला. "तुम्हाला एवढंच काम दिलं होतं तिने. एवढंच. स्वयंपाक शिका म्हणाली नाही, दुसरं काही म्हणाली नाही. नऊ पोहोचवा म्हणाली. पोहोचवली असतीत दहा महिन्यांपूर्वी तर झालं असतं का हे?"

"नसतं झालं."

"मग का नाही दिलीत?"

मिस्त्रींनी पेला उचलून बाजूला ठेवला. ताई उठल्या आणि मागच्या खोलीत गेल्या. तिथे भिंतीतलं एक उभं कपाट होतं. बायकोने त्याचे फळ्या-खण काढून टाकले होते, आतून जाड ब्लँकेटं लावली होती आणि एक स्टूल ठेवलं होतं. ती त्यात बसून वाचायची. वाचत असली की कपाटाच्या कडीला लाल फडकं अडकवायची. फडकं दिसलं की मिस्त्री पंखे बंद करायचे. त्यांच्या मजल्यावरचं लिफ्टचं दार वाजू नये म्हणून महिन्यातून दोनदा त्याला तेल द्यायचे. बाकीचे मजले खडखडत असायचे, त्यांचा मात्र मुका. शेजारी चिडवायचे, मिस्त्रींच्या मजल्यावर लिफ्टसुद्धा चवड्यावर चालते.

ताई कपाटाचं दार उघडून आत बघत उभ्या राहिल्या. मिस्त्री मागे गेले नाहीत. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते.

"ते आतलं पुस्तक तरी आहे का जाग्यावर? का तेही टाकलंत?"

"आहे."

"नशीब," ताई म्हणाल्या आणि मोजा टेबलावर टाकून निघून गेल्या.

गुरुवारी डिस्कवाल्याने एक कागद पुढे केला. त्रेसष्ट फाइल्सपैकी तेरा निघाल्या होत्या. त्या तेरांतून दुसरं प्रकरण आणि सहावं प्रकरण पूर्ण जुळत होतं. चौथ्या प्रकरणाची अकरा मिनिटं होती. ती एका वाक्याच्या मध्येच तुटत होती आणि पुढे नुसती खरखर होती. बाकी काही नाही.

"परत एकदा करून बघता येईल?" मिस्त्रींनी विचारलं.

"दोनदा केलंय, काका. तिसऱ्यांदा केलं तर तुमचं समाधान होईल, मिळणार काही नाही."

दुसरं प्रकरण, सहावं प्रकरण आणि अकरा मिनिटं. मिस्त्रींनी तिथल्या तिथे त्याच्या तीन प्रती करून घेतल्या आणि तिन्ही प्रती त्याच्या टेबलावर एकेक उघडून थोड्या थोड्या वाजवून बघितल्या. गेल्या दहा महिन्यांत तिचा आवाज त्यांनी मुद्दाम ऐकला नव्हता. आता तो जिन्याखालच्या खोलीत, पंख्याच्या घरघरीत, तीनदा ऐकला. "ऐका हं. प्रकरण दुसरं." डिस्कवाल्याने पंखा बंद केला. मिस्त्रींनी हाताने खुणावलं, राहू दे, राहू दे.

तिथून ते तडक ग्रंथालयात गेले. घरी गेलो तर परत चालढकल होईल, हे त्यांना कळून चुकलं होतं.

बाईंनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला, पण रागावल्या नाहीत. बाकावर एक उंच, सडपातळ म्हातारे बसले होते. हातात पांढरी काठी, अंगात इस्त्रीचा शर्ट. हेच ऑपरेटर. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी हयात घालवली होती आणि निवृत्तीनंतर त्यांची दृष्टी गेली होती. ते आपलं दुसरंच पुस्तक बदलायला आले होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे पहिलं नाही," ते म्हणाले. "थेट दुसरं. मग एकदम सहावं. माणसं भेटणार, पण ती कुणाची कोण ते मला कळणार नाही."

"माझी चूक झाली," मिस्त्री म्हणाले. "रागावला असाल."

"रागावलोय ना. नाही कशाला म्हणू?" ऑपरेटरांनी काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभी धरली. "वीस पुस्तकं ऐकली मी त्यांच्या आवाजात. एकदा फोन करून विचारलं होतं त्यांना, की बाई, हे पुस्तक जाड आहे, तुमची तब्येत बरी नसते, झेपेल का? म्हणाल्या, तुम्ही ऐकायचं काम करा, झेपायचं मी बघते. लावा हो बाई ते सहावं."

बाईंनी लावलं. तिघंही ऐकत राहिले. दहाएक मिनिटांनी ऑपरेटर म्हणाले, "धाप लागतेय."

"सहाव्यापासून लागायला लागली होती," मिस्त्री म्हणाले.

"पण वाक्य कुठे तुटू देत नाहीत. आमच्या एक्स्चेंजमध्ये असं बोलणाऱ्या दोनच मुली होत्या." मग त्यांनी ते प्रकरण शेवटपर्यंत ऐकलं. उठताना एवढंच म्हणाले, "पहिलं कोण वाचणार, ते मला कळवा. कुणीही वाचू दे. पण कळवा."

ते गेल्यावर बाई म्हणाल्या, "सध्या वाचायला कुणी मोकळं नाही. दोघी आहेत, दोघींकडे परीक्षेची पुस्तकं आहेत. पण कुणी मिळालंच तर वहिनींच्या खुणांचं पुस्तक लागेल, मिस्त्री. कुठे थांबायचं, कुठला शब्द कसा म्हणायचा, सगळं त्या पेन्सिलीने लिहून ठेवायच्या. ते तरी तेवढं आणून द्या."

"आणतो," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांच्याच कानांना तो शब्द बरा वाटला नाही.

घरी येऊन त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं. ते त्यांनी आजवर उघडलं नव्हतं. एकतर त्यांना वाचनाचा सराव नाही, आणि ते तिचं हत्यार होतं, दुसऱ्याच्या हत्याराला हात लावायचा नाही ही कामावरची सवय. आता ते खिडकीशी बसून पानं उलटायला लागले.

कुठे श्वास घ्यायचा तिथे तिने पेन्सिलीने एक बारीक तिरकी रेघ मारली होती. पहिल्या प्रकरणात पानाला सात-आठ रेघा. तिसऱ्या प्रकरणात दहा-बारा. सहाव्यात ओळीला एक. आठव्यात ओळीला दोन. नवव्या प्रकरणात चार शब्द झाले की रेघ, कधी तीन शब्द झाले की रेघ, आणि काही ठिकाणी दोन रेघा शेजारी शेजारी. आवाज ऐकून हे एवढं कळलं नसतं, कारण आवाजात ती वाक्य तुटू देत नव्हती. नवव्याच्या शेवटून दुसऱ्या पानाच्या समासात लिहिलं होतं, इथे थांबले, मिस्त्रींकडे पाणी मागितलं, उद्या इथून. मिस्त्रींनी आठवून पाहिलं. त्यांनी तिला त्या महिन्यात पाणी पुष्कळ वेळा दिलं होतं. ते नेमकं कुठलं, हे त्यांना सांगता आलं नसतं.

त्यांनी पुस्तक मिटलं. मग लक्षात आलं की या पुस्तकाची दुसरी प्रत नाही. छापील प्रती शंभर असतील, या रेघांची ही एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताईंना फोन केला. ताई फोनवर नीट बोलल्या नाहीत, पण तासाभराने आल्या. मिस्त्रींनी दुसरं प्रकरण लावलं. ताईंनी "ऐका हं" एवढं ऐकलं आणि हात वर करून थांबवलं. मग स्वतःच म्हणाल्या, "लावा परत." तसं तीनदा झालं.

त्यानंतर मिस्त्रींनी त्यांना पुस्तक दाखवलं आणि काम सांगितलं. ताईंनी पान दोन बोटांनी सपाट धरायचं, मिस्त्रींनी वरून मोबाइलने फोटो काढायचा. फोटो काढला की मोठा करून बघायचा, रेघा दिसतात का ते. दिसल्या तर पुढचं पान, नाही तर परत.

"प्रत्येक फोटो उघडून बघणार?" चौथ्या पानाला ताई म्हणाल्या. "अशाने आपलीच पानं संपतील आधी."

"बोट जरा खाली घ्या, ताई. रेघ झाकतेय."

"हो मिस्त्री," ताई म्हणाल्या. त्यांनी ते अगदी तिच्यासारखं म्हटलं, आणि बोट खाली घेतलं.

आता ते दोघं रोज सकाळी एक तास बसतात. पेन्सिल फिकट आहे, उजेड चांगला असला तरच रेघा येतात, आणि ढगाळ दिवशी काम बंद ठेवावं लागतं. इमारतीचं नवीन यंत्र आलं, कॅमेऱ्याची वायर मिस्त्रींनी काढून टाकली. डिस्का आता तीन आहेत. एक घरी, एक ताईंच्या मोज्यात, एक ग्रंथालयात. रविवारी तिन्ही जागी जाऊन ते प्रत्येक डिस्क उघडतात आणि दुसऱ्या प्रकरणाचं पहिलं मिनिट ऐकतात. भिंतीवरचा कागद तसाच आहे.

ऑपरेटरांचा फोन दर आठवड्याला येतो. मिस्त्री त्यांना काय असेल ते सांगतात.

खुणा असलेली पानं दोनशे अठरा आहेत, त्यातली सत्तेचाळीस झाली आहेत. पुस्तक अजून ग्रंथालयात गेलेलं नाही. गेलेली सात आणि पुढची पाच अशी बारा प्रकरणं वाचायची राहिली आहेत, आणि ती वाचायला अजून कुणी मिळालेलं नाही.